कल्हई उडाली की...

"काकू, अण्णांच्या पायाला पट्टी कसली वो?"

भिंतीपल्याड काकू वाळवण उलटत होत्या. त्या अशा प्रश्नाचीच वाट बघत असतात.

"काय सांगू! चपलेतून बाभळीचा काटा घुसलेला, अन् हे दिसभर भट्टीवर खवा घोटत उभे. रात्री पाय धुताना रक्त दिसलं. म्हनतेत, कळलंच नाही."

"साखर तपासली का?"

"अगं, मूठभर मांस नाही अंगावर. साखर जाड्या मानसाला."

भूममध्ये खव्याच्या भट्टीवरच्या माणसापुढे साखरेचा विषय काढला की तो पेढाच पुढे करतो. त्याच्या घरच्यांचंही तसंच.

"तसं काही नसतं काकू. आमची लेक पुण्याला नर्सिंगला आहे ना, ती सांगत होती. तिथल्या केईएमच्या डॉ. याज्ञिकांचा आणि युडकिन नावाच्या इंग्रज डॉक्टरांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३, अगदी सारखा. पण अंगातली चरबी साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२."

"अगं बया! वरून सारखे अन् आतून दुप्पट?"

"दुपटीहून जास्त. आपल्याकडचा बारीक माणूसही आतून बारीक असेलच असं नाही."

"बरं, पण काट्याचा काय संबंध?"

"रक्तवाहिनीला आतून एका पेशीएवढं पातळ अस्तर असतं. पितळेच्या पातेल्याला कल्हई असते ना, तसं."

"म्हंजी कल्हई उडाली की ताक कळकतं, तसं?"

"तसंच. फक्त ही कल्हई जिवंत आहे. नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडून ती वाहिनी सैल ठेवते, रक्ताच्या गुठळ्या धरू देत नाही. त्या वायूचं हे काम शोधणाऱ्यांना १९९८चं नोबेल मिळालं. आता रक्तात साखर वाढली की बऱ्याच पेशी ती आत घेणं आवरतात. अस्तराच्या पेशींना ते जमत नाही. साखर आत शिरतच राहते आणि तो वायू कामाला येण्याआधीच नासतो. वाहिनी आखडते, आतून चिकट होते. आधी फटका बसतो तो बारीक वाहिन्यांना. डोळ्याच्या पडद्यातल्या, किडनीतल्या, पायाला जाणीव देणाऱ्या नसांतल्या. त्या नसांनाच नीट रक्त पोचेना, तर काटा कळणार कसा?"

"अन् हे सगळं होताना दुखत नाही?"

"अस्तर दुखत नाही, तेच वाईट. वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही."

काकूंचा हात वाळवणावरच थांबला. "परवा नेते त्यांना दवाखान्यात. कालपासनं पेढ्याला शिवले नाहीत. म्हनतेत, दोन दिस पथ्य पाळलं की रिपोर्ट सरळ येतो."

"एचबीएवनसी करायला सांगा. त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर कळते."

"म्हंजी कुंथलगिरीला दर्शनाला गेल्तो, तवाचे पेढेबी?"

"तेसुद्धा."

काकूंनी मागं वळून दाराकडं बघितलं अन् आवाज बारीक केला. "मग त्यांना हे सांगू नको गं. आधी रक्त देऊन येऊ दे."