लाइन कंट्रोल रजिस्टरच्या सातव्या बिटास खुले पत्र

राजमान्य राजेश्री डीएलएबी,
मुक्काम यूआर्ट, लाइन कंट्रोल रजिस्टर, बिट क्रमांक सात, यांसी सा.न.वि.वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आपण ठाण मांडून बसलात आणि आमचा बोर्ड मुका झाला. मेला नाही, मुका झाला. पॉवर व्यवस्थित, क्लॉक व्यवस्थित, प्रोसेसर पळतोय. पण टीएक्स पिनवर प्रोब टेकवला की स्कोपवर ३.३ व्होल्टची सरळसोट रेघ. आणि हे फक्त टेस्ट जिगवर. माझ्या टेबलावर तोच बोर्ड ११५२०० ला घडाघडा बोलत होता. मग केबल बदला, आरएक्स-टीएक्स उलटे करून बघा, पिनमक्स पुन्हा वाचा, हार्डवेअरवाल्यांशी भांडा. या सगळ्या करमणुकीबद्दल आभारी आहे.

आपलं घराणं जुनं, हे मान्य. नॅशनल सेमिकंडक्टरची ८२५० चिप, १९८१ चा आयबीएम पीसी, तेव्हापासूनचा मान आहे. चिपला पत्त्याच्या तारा तीन, म्हणजे जागा आठच, आणि रजिस्टरं त्याहून जास्त. मग गिरणगावात एकाच खोलीत दिवसपाळी-रात्रपाळीचे कामगार आलटून पालटून झोपायचे, तशी सोय लावली: आपण शून्य असाल तर पहिल्या पत्त्यावर पाठवायचं अक्षर, आपण एक झालात की तिथेच बॉड रेटचा भाजक. ठरलेला रिवाज असा, की हेक्स ८३ लिहून आपल्याला बसवायचं, भाजक भरायचा (२४ मेगाहर्ट्झच्या क्लॉकला १३) आणि हेक्स ०३ लिहून आपल्याला उठवायचं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं लोक हे बिनबोभाट करत आलेत.

पण आपल्या काही नव्या वंशजांचा थाट निराळा. अक्षर येत-जात असताना त्यांना ‘बिझी’ म्हणायचं, आणि ते बिझी असताना लाइन कंट्रोलमध्ये काही लिहिलं तर ते ऐकलंच नाही असं दाखवायचं. आमची जिग बूटलोडरचं ऑटोबूट थांबवण्यासाठी पॉवर येताक्षणी स्पेसचा भडिमार सुरू करते. भाजक शून्य होता तोवर रिसीव्हर झोपलेला. १३ चा आकडा बसला, तो जागा झाला, समोरून अक्षरं येताना दिसली आणि साहेब बिझी! पाठोपाठ आलेला ०३ हवेत विरला. आपण बसलात ते बसलातच.

पुढची कामगिरी तर वाखाणण्यासारखी. बूटलोडरने छापलेलं प्रत्येक अक्षर आपण भाजकाच्या घशात घातलंत. लाइन स्टेटस रजिस्टर सहाव्या पत्त्यावर, तिथे आपली सत्ता नाही. ते बिचारं प्रामाणिकपणे सांगत राहिलं, ‘जागा रिकामी आहे, पुढचं पाठवा.’ कोडच्या दृष्टीने सगळं छापून झालं होतं.

आणि वाचनाचं काय केलंत? जिगचं एखादं अक्षर, धड किंवा मोडकं, आत पोचलं, ऑटोबूट थांबलं, प्रॉम्प्ट आला. बूटलोडर ते अक्षर वाचायला पहिल्या पत्त्यावर गेला, तर आपण त्याच्या हातात भाजक ठेवलात, म्हणजे त्यानेच नुकतंच छापलेलं अक्षर. ‘अक्षर आलंय’ ही खूण काही उतरेना, कारण खरं अक्षर कुणी उचललंच नव्हतं. तेव्हा तो प्रॉम्प्टच्या शेवटी छापलेला स्वतःचाच स्पेस वाचतोय, पुन्हा छापतोय, पुन्हा वाचतोय. शेवटी ओळीचा बफर भरला आणि त्याने नियमाप्रमाणे बेल वाजवली. मग ती बेल वाचली आणि पुन्हा वाजवली. जेटॅग लावून प्रोसेसर थांबवला तेव्हा मुद्देमाल जागेवर होता: लाइन कंट्रोलमध्ये ८३, भाजकात ०७. सात म्हणजे बेल. आत अखंड घंटानाद, बाहेर घंटा काही नाही.

दुसरा कुठलाही गुन्हेगार निदान एरर मेसेजला तरी भितो. आपण मेसेजचा रस्ताच ताब्यात घेता. लिनक्सवाल्यांनीही आपला धसका घेतलेला. याच वंशजांसाठीच्या त्यांच्या डिझाइनवेअर ड्रायव्हरात लिहिलेलं वाचून पडताळण्याची, फिफो रिकामा करून हजारदा पुन्हा लिहिण्याची सोय केलेली. आणि तरीही जमलं नाही तर द्यायचा निरोप बरीच वर्षं कॉमेंट करून ठेवलेला होता. कारण शेजारीच लिहिलेलं: तो छापायला गेलं तर डेडलॉक होऊ शकतो. आमच्या छोटेखानी बूटलोडरात एवढं कुठलं? एकदा लिहायचं आणि रामभरोसे पुढे जायचं.

आता तसं चालणार नाही. प्रत्येक लेखनानंतर आपल्याला वाचून पाहिलं जातं. उठला नसाल तर फिफो रिकामा करून पुन्हा उठवलं जातं, ठरावीक वेळा. जिगलाही तंबी दिली आहे, बूटलोडरचा बॅनर दिसेपर्यंत गप्प बस. इतकं करून आपण हलला नाहीत तर बोर्डावरचा लाल एलईडी लुकलुकतो. तो साध्या जीपीआयओवर आहे आणि आपला तिथे काही अधिकार नाही, हे डेटाशीट उघडून पाहून घेतलं आहे.

कळावे.
आपला,
एक फर्मवेअरवाला