यलो अलर्टातले भाई

मालवणात रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही थांबवून 'खंय चल्लंस?' असं विचारण्याचा हक्क प्रत्येकाला जन्मतः मिळालेला आहे. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही, पण दिलं तर ते पटण्यासारखं हवं. बाजारात, कोर्टात, मयताला, रामेश्वराला. भाईंची पंचाईत होते ती इथे. रविवारी सकाळी सहाला डोक्यावर हेल्मेट, अंगात पोपटी जर्सी अशा थाटात ते देऊळवाड्यातून सायकलवर निघतात आणि पहिल्याच वळणावर कुणीतरी दुधाची पिशवी घेऊन समोरून येत असतो.

"भाई, खंय?"

"आचऱ्याक."

"कोण सिरियस आसा काय?"

"नाय रे. असोच."

"असोच कोण आचऱ्याक जाता?"

"सायकल चालवूक."

"मगे ती हंयसरच चालवा मां!"

यावर भाई निरुत्तर. वीसेक किलोमीटर जायचं, एक चहा प्यायचा, तेवढंच अंतर परत यायचं आणि येताना काही आणायचंही नाही, हा व्यवहार आमच्याकडे कुणालाच पटत नाही. निदान जाताच आहात तर आमच्या बहिणीकडे एवढे दोन नारळ द्या, असं म्हणणारेही भेटतात. हल्ली भाई "डॉक्टरान सांगल्यान" एवढं बोलून सुटका करून घेतात. डॉक्टरांनी प्रत्यक्षात फक्त तळलेले मासे कमी करा एवढंच सांगितलेलं आहे.

भाई म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. वेंगुर्ल्यात ते आहेत, देवगडात आहेत, कुडाळ-कणकवलीत तर आता रविवारी घोळक्यानं दिसतात. वय पंचेचाळीसच्या पुढे, साठीच्या अलीकडे. नोकरी बँकेत किंवा शाळेत, नाहीतर स्वतःचं मेडिकल. मुलगा पुण्यात. त्यानंच एका गणपतीत बाबांच्या पोटाकडे टक लावून बघितलं आणि गिअरच्या सायकलचा विषय काढला. एरवी मुलाचं कुठलंही म्हणणं न ऐकणाऱ्या बाबांनी हे मात्र ऐकलं. मालवणात अशा गृहस्थाला भाईच म्हणतात, म्हणून आपणही तेच म्हणू.

भाईंची सायकल रविवारी फिरते, पण राईड शनिवारी संध्याकाळी पडवीतच सुरू झालेली असते. मोबाईलवर तीन ॲप उघडलेली. एकात उद्या सहाला सूर्य. दुसऱ्यात त्याच सहाला ढग आणि त्याखाली तिरप्या रेघा. तिसऱ्यात नुसते बाण. बाणांवर भाईंचा विश्वास अधिक, कारण ते समजायला कठीण. मग हवामान खात्याचं पत्रक. 'तुरळक ठिकाणी' आणि 'बहुतांश ठिकाणी' यांतला फरक भाई कुणालाही झोपेतून उठवून सांगतील. तुरळक ठिकाणी म्हणजे नेमकं आपल्या डोक्यावर, ही पुस्ती अनुभवाची. पावसाची शक्यता ४० टक्के असली तर भाई हिशेब मांडतात: आचरा वीस किलोमीटर, म्हणजे त्यातले आठ किलोमीटर पाऊस. हा हिशेब चुकीचा आहे हे त्यांना मुलानं फोनवरून दोनदा समजावलं. दोन्ही वेळा पाऊस साधारण आठच किलोमीटर लागला, त्याला मुलगा काय करणार?

एवढ्यावर भागत नाही. भिंतीवर कालनिर्णय असतं. ते १९७३ साली काढणारे जयंतराव साळगावकर मालवणचेच, त्यामुळे त्यात छापलेल्या नक्षत्राकडे भाई घरच्या माणसाचं बोलणं ऐकावं तसं लक्ष देतात. नक्षत्राचं वाहन बेडूक किंवा म्हैस असेल तर दोन टायरांची हवा थोडी कमी करायची, कोल्हा असेल तर बिनधास्त निघायचं. नक्षत्रांचे स्वभावही भाईंनी सायकलला लावून ठेवले आहेत. जुलैच्या सुरुवातीचा पुनर्वसूचा तो तरणा पाऊस. मुसळधार येतो, दमतो, थांबतो, मग रस्ता मोकळा. त्यानंतर पुष्याचा म्हातारा. जोर नसतो, पण सकाळपासून जे बोलायला लागतो ते थांबत नाही. मघांचा सासूचा, पूर्वांचा सुनेचा. या दोघींविषयी भाई वहिनी आत असल्याची खात्री करून मगच बोलतात.

शेवटचं मत जेट्टीवरचं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे जाळी सांधत बसलेला एखादा म्हातारा तिथे हमखास सापडतो. भाई मोबाईल पुढे करून बाण दाखवतात. म्हातारा बाणांकडे बघत नाही, समुद्राकडेही फारसं बघत नाही.

"येतलो."

"कधी?"

"येवच्या येळार."

"कितीसो?"

"तुका भिजवीत इतको."

भाई हे सगळं ऐकून घरी येतात आणि पहिल्या ॲपमधल्या सूर्यावर भरवसा ठेवून झोपतात.

लोक हसतात, पण मला यात एक गंमत दिसते. भाईंचे आजोबा आभाळाकडे बघत ते तरव्यासाठी. मिरगाचा अंदाज चुकला तर वर्षाचं भात चुकलं. वडील पोस्टमन. ते बघत टपालाच्या थैलीसाठी, कारण स्वतः भिजलेलं चालतं, मनीऑर्डर भिजलेली चालत नाही. भाईंना पक्की नोकरी लागली, कौलं जाऊन घरावर स्लॅब पडला, आणि तीन पिढ्यांत प्रथमच या घरातल्या कर्त्या पुरुषाला वर बघायचं कारण उरलं नाही. ते कारण परत मिळवायला भाईंनी पंचावन्न हजार रुपये मोजले. वहिनींना अठ्ठावीस सांगितले.

वडील आज ऐंशीच्या घरात आहेत. सायकलला मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही, घंटीसुद्धा वेगळी विकत घ्यावी लागली, हे कळल्यावर त्यांनी फक्त एकच प्रश्न विचारला: "मगे पैशे कसले घेतल्यानी?" दुसरं वाक्य थोड्या वेळानं आलं. "मी तुका शिकयलंय कित्याक? ही सायकल सुटूची म्हणान!" त्यांची स्वतःची ॲटलास अजून मांगरात उभी आहे. त्या ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला ३ जून २०२० रोजी. संयुक्त राष्ट्रांनी ठरवून दिलेला जागतिक सायकल दिन तोच, आणि श्रीवर्धनच्या बाजूला निसर्ग वादळ किनाऱ्यावर आलं तेही त्याच दिवशी. सायकल आणि हवामान यांची अशी जोड भाईंखेरीज दुसऱ्या कुणाच्या लक्षात राहिली असेल असं वाटत नाही.

रविवारची सकाळ. व्हॉट्सॲपवर रात्री अंगठा दाखवलेले दहा-बारा, भरडावर हजर तीन. बाकीच्यांपैकी एकाच्या बायकोला ढग दिसला, एकाचे पाहुणे आले, एक 'पुढे भेटतो' म्हणाला तो पुढे कुठेच भेटला नाही. फोटो मात्र सर्वांच्या वतीनं निघतो.

निघताना आभाळ निळं. कोळंबच्या पुलावर वारा पाठीशी येतो आणि इथून भाईंचा मोठा गैरसमज सुरू होतो. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा, आचरा मालवणच्या उत्तरेला. सायकल आपोआप पळते. भाई घड्याळ बघतात, छाती काढतात, बरोबरच्या बँकवाल्या मित्राला म्हणतात, "आज फॉर्म आसा." हवेचा अडथळा वेगाच्या वर्गात वाढतो, आधी वाऱ्याच्या तोंडावर जावं आणि दमल्यावर तो पाठीशी घ्यावा, हे शास्त्र भाई ग्रुपवर दर आठवड्याला टाकतात. त्या हिशेबानं पावसाळ्यात त्यांनी देवबागच्या बाजूला जायला हवं आणि उत्तरेची हौस फेब्रुवारीनंतरच्या दुपारच्या वायव्येच्या वाऱ्यात भागवायला हवी. पण आरंभालाच मार खायचा, हे शहाणपण सहाच्या सुमाराला सुचत नाही.

हडीच्या अलीकडे आभाळ काळं होतं. भाई उतरतात. पाठीच्या खिशातून रेनकोट काढतात. उजवा हात गेला, डावा अडकला, डोकं एका बाहीतून बाहेर आलं, तोवर सर निघून गेली. रेनकोट घालून भाई दोन किलोमीटर जातात. आत घामाच्या धारा. 'घाम बाहेर सोडणारं कापड' असं त्यावर लिहिलेलं आहे, पण घामाची वाफ बाहेर पडायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते, आणि जुलैत आमच्याकडे बाहेरची हवा म्हणजे जवळजवळ पाणीच. भाई पुन्हा उतरतात, रेनकोट काढतात, घडी करतात, घडी पहिल्यासारखी होत नाही म्हणून परत करतात. घडी खिशात गेली की पाऊस. हा नियम कुठल्याही नक्षत्राला लागू आहे.

मग एसटीची शेड. आत भाजीची टोपली घेतलेली एक आजी आधीपासून बसलेली. तिनं भाईंना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. चिकटलेली आखूड पँट, तिच्या मागची ती उशी, बुटांखालच्या लोखंडी खिळी, डोक्यावरचं भोकांचं हेल्मेट, त्यातून गळणारं पाणी.

"झिला, गाडी बंद पडली काय रे?"

"नाय गे आजी. सायकल आसा."

"तां दिसता माका. गाडी खंय बंद पडली?"

भाईंनी खूप समजावलं. आजीनं सगळं ऐकून घेतलं, पिशवीतून केळं काढून त्यांच्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "खा. घराकडे कोण नाय काय?" भाईंच्या खिशात नव्वद रुपयांचा एनर्जी बार होता. त्यांनी केळंच खाल्लं.

परतीचा प्रवास मी फार सांगत नाही. वारा समोरून, फॉर्म गेलेला, बोलणं बंद. एका ठिकाणी चिऱ्यांचा ट्रक बाजूनं गेला आणि पोपटी जर्सी जांभ्याच्या रंगाची झाली. कोळंबचा पूल जाताना दिसलाच नव्हता, येताना संपता संपत नाही. पुलावर म्हैस चालत होती. तिला ओलांडून पुढे जायला भाईंना बराच वेळ लागला, असं बँकवाला मित्र सांगतो. भाई म्हणतात, ती म्हैस वाऱ्याला बऱ्यापैकी अडवत होती.

घरी वहिनी अंगणातच थांबवतात. सायकल बाहेर, बूट बाहेर, जमल्यास भाईही बाहेर. मग तपेलीभर गरम पाणी आणि उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून. भाईंकडे लिंबाच्या चवीच्या क्षारांच्या पुड्या आहेत, पण साखर आणि मीठ एकत्र गेलं की पाणी अंगात लवकर भिनतं ही त्या पुडीमागची युक्ती पेजेतल्या पिष्टात आणि मिठात आधीपासून आहे. वर लोणच्याची फोड आहे, ती पुडीत नसते.

खरा प्रश्न त्या उशीच्या पँटचा. तिच्यावर 'लवकर वाळणारी' असं छापलेलं आहे. ते पुण्यापुरतं खरं. मालवणात श्रावणात रुमाल वाळत नाही तिथे दोन बोटं जाड फोम काय वाळणार? रविवारी पडवीत, सोमवारी पंख्याखाली, मंगळवारी फ्रिजच्या मागे, बुधवारी गॅसच्या वरच्या दोरीवर. गुरुवारी पाहुणे आले आणि त्यांनी ती काय वस्तू म्हणून विचारलं. वहिनींनी सांगितलं, "ह्यांचा आसान." आसन म्हणजे पूजेचं, असं समजून पाहुण्यांनी नमस्कार केला की नाही हे नक्की ठाऊक नाही, पण वहिनी तसं सांगतात.

भाईंच्या शोकेसमध्ये एक मेडल आहे. २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात संपवायची लांबची राईड, साडेतेरा तासांत पुरी केल्याचं. "ही स्पर्धा नाय हां," भाई पहिल्यांदा सांगतात, आणि आपण कुणाच्या किती आधी पोचलो ते त्यानंतर. २०१५ साली नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत जोडीनं पूर्ण केली. त्यांच्याविषयी भाई चुलतभावांविषयी बोलावं तसं बोलतात. भाईंची स्वतःची अमेरिका म्हणजे आंबोली. दाणोलीपासून घाट, वर जवळजवळ सातशे मीटर, आणि पाऊस वर्षाला सात-साडेसात हजार मिलिमीटर. तिथे हवामान बघायची गरज नसते, पाऊस असतोच. त्यामुळे भाईंना तिथे जरा चुकल्यासारखं वाटतं.

कारण भाईंचा जीव अनिश्चिततेत. हवामान खात्याचे रंग त्यांनी आपल्या सोयीनं लावून घेतले आहेत. हिरवा म्हणजे कुणीही जाईल, त्यात काय. पिवळा म्हणजे निघायचं. नारिंगी म्हणजे बाकीच्यांना फोन करून 'तू चल्लंस काय' विचारायचं आणि ते नाही म्हणाले की त्यांना भित्रे म्हणून घरी बसायचं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानं या किनाऱ्याची काय दशा केली ते त्यांनी बघितलेलं आहे, त्यामुळे लाल असला की भाई खरोखरच हलत नाहीत. त्या दिवशी घराला मात्र त्रास. सकाळी पडवीत वर्तमानपत्र पसरून सायकल उलटी ठेवली जाते. खाऱ्या हवेनं तांबूस झालेली साखळी रॉकेलनं, मग जुन्या ब्रशनं, मग वहिनींच्या चांगल्या फडक्यानं पुसली जाते. दर दहा मिनिटांनी भाई आत येऊन वाऱ्याचा ताशी वेग जाहीर करतात. गाव सोडून जाऊ नका, असा सल्ला ते ज्यांनी गाव कधी सोडलेलाच नाही अशांना फोनवर देतात. दुपारी लाईट जाते, तेव्हा तर बोलायला वहिनींखेरीज कुणी नसतं.

संध्याकाळी वहिनी स्वतःहून मोबाईल मागून घेतात, चष्मा लावतात आणि ते बाणांचं ॲप उघडून बघतात.

"उद्या यलो आसा," त्या म्हणतात. "आणि नसलो तरी तुमी जावा."