दोन नंबरची बाई

माझे खांदे रुंद आहेत हे मी आपणहून कुणाला सांगत नाही. समोरच्याच्या लक्षात यायची वाट बघते. बहुतेकदा येत नाही. मग दारातून आत येताना मी उगाचच किंचित तिरकी होते, आणि तरीही कुणी काही विचारलं नाही तर नाइलाजानं म्हणते, "रोइंगचे खांदे आहेत हो. कॉलेजच्या टीममध्ये होते."

यावर ठाण्यात, आमच्या नौपाड्यात, आजवर एकच प्रश्न आलेला आहे. "म्हणजे तलावपाळीला?"

तलावपाळीला नाही. पुण्याला, इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबात. क्लब १९२८ सालचा. संगमाजवळची नदी, वर्षातून एकदा रेगाटा, काठावर तोबा गर्दी. पंट फॉर्मेशन, कयाक बॅले, ॲरो फॉर्मेशन, अंधार पडला की मशाल डान्स. हे सगळं मी एका दमात सांगते, कारण दुसरा दम घेईपर्यंत ऐकणारा चपला घालत असतो.

कदर केली ती फक्त गोखले रोडवरच्या आमच्या शिंपीमामांनी. टेप खांद्यावर टाकून ते एकदा गप्पच झाले.

"रोइंग," मी नम्रपणे म्हणाले.

"असेल," ते म्हणाले. "कापड जास्त लागेल."

आमची बोट चौघींची. प्रत्येकीच्या हातात एकच वल्हं, दोघींची डावीकडे, दोघींची उजवीकडे, आणि पाचवी कॉक्स, सुकाणू धरणारी. टोकाला बो, तिनं तोल सांभाळायचा. दुसऱ्या टोकाला स्ट्रोक, तिनं ताल द्यायचा. मधल्या दोघींनी फक्त जोर लावायचा. ताल एकीचा, दिशा दुसरीची, आपली नुसती ताकद. मी मधली, दोन नंबरवर. नौपाड्यासारख्या सभ्य वस्तीत "मी दोन नंबरवर होते" हे सांगायची सोय नाही. एकदा सोसायटीच्या सभेत सांगितलं, तर खजिनदारांनी चमकून वर बघितलं.

लोकांना वाटतं रोइंग म्हणजे हातांचं काम. खरं काम पायांचं. बसायची जागा रुळांवर मागेपुढे सरकते, बूट फळीला पक्के बांधलेले, आणि पायांनी रेटा देऊन सगळं अंग मागे फेकायचं. हात शेवटी येतात, सही करायला. आणि यातली गंमत अशी की वल्हवणाऱ्या चौघींची पाठ पुढे, तोंडं मागे. शर्यतीची रेषा कुठं आहे ते एकट्या कॉक्सला दिसतं. तुम्ही जिंकत असाल तर तुम्हाला मागे पडलेल्या बोटी दिसतात. हरत असाल तर समोर मोकळं पाणी, पलीकडचा काठ, झाडं, एखादा बगळा. निसर्गसौंदर्य मी फार पाहिलं आहे.

आमची कॉक्स डोंबिवलीची. चणीनं एवढीशी, पण सकाळच्या फास्ट लोकलमध्ये आईचा हात धरून चढायला शिकलेली, त्यामुळे हुकूम सोडणं तिच्या रक्तातच होतं. बोट थांबवायला कॉक्सनं "ईझी ऑल" म्हणायचं असतं. ती असं म्हणायची की शेजारच्या बोटीही थांबायच्या. शर्यत चालू असतानासुद्धा. त्यावरून एकदा भांडणही झालं.

आता तलावपाळीचा विषय निघालाच आहे तर. मला एक खोड आहे. पाणी दिसलं की मी मनातल्या मनात त्यावर दोन हजार मीटरची शर्यत आखते. ऑलिम्पिकचं अंतर तेवढं असतं, सरळ रेषेत, सहा बोटी शेजारी शेजारी. ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात, म्हणून मी मोठ्या आशेनं सगळे तलाव हिंडले. मासुंदा, म्हणजे आपली तलावपाळी, लांबीला पुरत नाही. शेवटच्या टप्प्यात बोट थेट गडकरी रंगायतनच्या तिकीट खिडकीवर जाईल, आणि रविवारचा प्रयोग असला तर रांगेतले लोक मध्ये घुसू देणार नाहीत. कचराळी सुरू व्हायच्या आत संपतो. शिवाय त्याच्या काठानं जे ज्येष्ठ नागरिक सकाळी चालतात त्यांचा वेग बघता बोटीलाच लाज वाटेल. उपवनला मागे येऊरचा डोंगर आहे, म्हणजे हरणाऱ्यांची सोय उत्तम, पण अंतर तिथंही कमीच. उरली खाडी. खाडीला लांबी भरपूर, पण तिला स्वतःचं मत आहे, ते दिवसातून दोनदा भरतीचं आणि दोनदा ओहोटीचं. ओहोटीला उरतो चिखल आणि चिखलावर फ्लेमिंगो. २०२२ साली ठाणे खाडीला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला, तेव्हा तर पक्ष्यांची मालकी जगात जाहीर झाली. नुसतं एका पायावर उभं राहून ज्यांनी एवढं नाव काढलं त्यांच्यापुढे मी दोन्ही पायांनी रेटून काय करणार? एक वर्ष पावसाळ्यात वंदना टॉकीजसमोर साचलेलं पाणी मी फार आपुलकीनं बघत उभी होते. संथ होतं, वारा नव्हता, जलपर्णी तर अजिबातच नव्हती. (जलपर्णी म्हणजे काय ते पुण्याच्या नदीत बोट घातलेल्यांना विचारा. वल्हं त्यात गेलं की ते परत मिळवायला मिन्नतवारी करावी लागते.) तेवढ्यात मागून बसनं हॉर्न दिला.

म्हणून मग मी तलावपाळीलाच जाते, भाच्याला घेऊन, पायडलच्या बोटीत. भाचा पॉपकॉर्न खातो आणि मी इतरांचं तंत्र सुधारते. एकदा शेजारून एक जोडपं गोल गोल फिरत चाललेलं. मला राहवेना. "दोघं एकदम रेटा द्या," मी ओरडले. "ताल एक ठेवा!"

"काकू, लग्नाला महिनाच झालाय," तो म्हणाला. "जमेल हळूहळू."

जिथं पाणी आहे तिथं रोइंग येतंच असं नाही, याचा सगळ्यात मोठा पुरावा दत्तू भोकनळ. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, दुष्काळी गाव. वडिलांबरोबर विहिरी खणायला जाणारा मुलगा. २०१२ साली सैन्यात गेला आणि वल्हं पहिल्यांदा हातात धरलं ते तिथं. २०१६ला रिओ ऑलिम्पिकमध्ये एकट्याच्या बोटीत तेरावा आला आणि २०१८च्या एशियाडमध्ये चौघांच्या बोटीतून सुवर्णपदक घेऊन आला. पाण्यासाठी जमीन खणणाऱ्या तळेगावनं दत्तू दिला. तलावांच्या ठाण्यानं मला दिलं.

हातांचं सांगायचं राहिलं. वल्ह्याची मूठ ओल्या हातात फिरवत राहायची असते, त्यामुळे बोटांच्या मुळाशी आधी फोड येतात, मग ते फुटतात, मग त्या जागी घट्टे पडतात. घट्टे पडले की रोअर झाली. मला त्यांचा इतका अभिमान होता की सुटीत ठाण्याला आले की मी प्रसाद घ्यायलाही पूर्ण तळवा उघडून, उजेडाच्या बाजूला धरत असे. एकदा आमच्याच इमारतीतल्या एक काकू तो हात बघून आईला म्हणाल्या, "अगंबाई, हे असे हात घेऊन मुलगी दाखवणार कशी?"

आई गप्प. मी गप्प. माझं सगळं शौर्य कुठं गेलं कोण जाणे, मी मूठ मिटून घेतली.

उत्तर दिलं आजीनं. तिचं माहेर राजापूरकडचं. "माझे हात अस्सेच होते," ती म्हणाली. "रहाट ओढून. आणि ह्यांच्याकडच्या मंडळींनी तेवढंच बघितलं. रहाट ओढणारी मिळतेय म्हणून हुंडासुद्धा कमी घेतला." मग माझी मूठ उघडून तिनं तिच्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवला आणि विचारलं, "तुला निदान ह्याचं पदक तरी मिळतं का गं?"

"अजून नाही," मी म्हणाले.

"मग आपलं सारखंच," ती म्हणाली.

अशी पारख विलायतेतल्या मुलींनाही चुकली नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या मुलींची बोटींची पहिली शर्यत १९२७ साली झाली. शर्यत म्हणजे नावाला. दोन्ही बोटी एका वेळी पाण्यात उतरल्याच नाहीत. आधी एक गेली, मग दुसरी. काठावर परीक्षक, आणि त्यांनी वेळेबरोबर गुण दिले ते वल्हवण्याच्या ढबीला. किती डौलात, किती नेमस्त. ऑक्सफर्ड जिंकलं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला इंग्लंड एकदम जवळचं वाटलं. वडीलधारी मंडळी रांगेत, मुली एकेक करून समोर, चाल बघायची, ठेवण बघायची. फक्त पोहे तेवढे नव्हते. मुलांच्याच दिवशी, थेम्सवर मुलांच्याच मार्गावरून शर्यत लावायला मुलींना २०१५ साल उजाडलं.

ऑलिम्पिकचंही तेच. बायकांचं रोइंग आलं १९७६ला, माँट्रियलमध्ये, आणि अंतर ठेवलं एक हजार मीटर. पुरुषांना दोन हजार. १९८८च्या सोलपर्यंत ते पुरं झालं नव्हतं. दोन हजार मीटर म्हणजे नौपाड्यातून स्टेशनच्या मंडईत जाऊन परत येणं, साधारण. आमच्या बायका ते रोज करतात, येताना दोन्ही हातांत पिशव्या असतात आणि कुणी डौलाला गुण देत नाही.

त्याच १९७६च्या मार्चमधली गोष्ट. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या मुलींचा सराव नदीवर चालायचा. सराव संपला की मुलं बोटहाउसात गरम पाण्यानं आंघोळ करायची, आणि मुली भिजलेल्या कपड्यांत बसमध्ये बसून त्यांची वाट बघायच्या. हिवाळ्यात. सांगून झालं, मागून झालं. शेवटी ३ मार्चला १९ जणी संबंधित कार्यालयात गेल्या, कपडे उतरवले आणि उभ्या राहिल्या. अंगावर शाईनं लिहिलं होतं 'टायटल नाइन', म्हणजे शिक्षणात मुलामुलींत भेद करायला बंदी घालणारा १९७२चा कायदा. ख्रिस अर्न्स्ट या त्यांच्या पुढारी मुलीनं निवेदन वाचून दाखवलं. बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये आली आणि मग न्हाणीघराची सोय सुचली. ही अर्न्स्टबाई पुढं प्लंबर झाली. योग्यच केलं. नळ आपल्या हातात असलेला बरा.

आमच्या अंगावर असा प्रसंग आला नाही, आणि आला असता तर मी दोन नंबरवरच उभी राहिले असते, कुणाच्या तरी मागे. पण भिजलेल्या कपड्यांवर ओढणी गुंडाळून सायकल हाणत परत जाणं मला माहीत आहे. पुलाच्या कठड्याला टेकून बघत उभे राहिलेले लोक माहीत आहेत. ते रोइंग बघायला थांबलेले नसत. त्या वयात मुलीकडे सगळं जग बघत असतं. रंग बघतं, उंची बघतं, हात बघतं, आता किती वाजता घरी आली तेही बघतं. आणि त्या सगळ्यातून उठून पहाटे बोटीत बसलं की कुणी तुमच्याकडे बघत नाही. पुढची तुमच्याकडे पाठ करून, मागची तुमच्या पाठीमागे. कॉक्सच्या नजरेला आधी स्ट्रोक पडते, तुमच्यापर्यंत ती पोचतच नाही. तुम्ही कशा दिसता हा प्रश्नच तिथं कुणाला पडत नाही. मी चांगली वल्हवत होते की नाही ते मला नीटसं सांगता येणार नाही. पण त्या पाण्यावर मी ओढणीचा विचार करत नव्हते, एवढं नक्की.

मी मात्र एक गोष्ट सतत बघितली, ती म्हणजे तीन नंबरची पाठ. तिचा चेहरा आता मला धड आठवत नाही. पाठ तोंडपाठ आहे. मानेवरचा तीळ, जोर लावताना डावा खांदा जरासा आधी जाणं, त्यावरून कोचनी केलेला आरडाओरडा.

परवा राम मारुती रोडवर, दिवाळीच्या गर्दीत, कंदिलांच्या दुकानासमोर ती पाठ दिसली. केस पिकलेले, अंगावर सिल्कचा कुर्ता, पण पिशवी उचलताना डावा खांदा आधी गेला. माझ्या तोंडून निघून गेलं, "ए तीन नंबर!"

दोन रिक्षा थांबल्या. ती वळली. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि ती म्हणाली, "अय्या, तू अशी दिसतेस होय!"

ती कोलशेतला राहते म्हणे, बरीच वर्षं. तिच्याही ब्लाउजला कापड जास्त लागतं. आम्ही उभ्या उभ्याच कॉक्सला फोन लावला. तिचा आवाज फोनच्या बाहेर ऐकू आला आणि रस्त्यातल्या चारपाच जणांनी पावलं आवरली.

तर नौपाड्यातल्या आणि आसपासच्या बायांनो, विचार करा. दोन आणि तीन नंबर पक्के आहेत. बो आणि स्ट्रोक हव्या आहेत. पोहता आलंच पाहिजे, वयाची अट नाही, डौलाचीही नाही. बोटीचं आम्ही बघू, पाण्याचं सगळ्यांनी मिळून बघू. पुढे काय आहे ते दिसल्याशिवाय जिला चैन पडत नाही तिनं मात्र येऊ नये. ती जागा डोंबिवलीनं भरलेली आहे.