नंगाऱ्याच्या पोटात

पाहुणा आला की वाशीमकराची पंचाईत होते. आमचं गाव म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, हे सांगताना छाती फुगते. पण पाहुणा ‘दाखवा’ म्हणाला की त्याला थेट अजिंठ्याला न्यावं लागतं. राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने तिथलं सोळावं लेणं कोरवून घेतलं. वैभव आमचं, तिकीट मात्र दुसऱ्या जिल्ह्यात फाडायचं!

म्हणून ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आमच्याच मानोरा तालुक्यात, बंजाऱ्यांची काशी असलेल्या पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालय उघडलं, तेव्हा मला हायसं वाटलं. एसटीने आत्याला घेऊन गेलो. मानोरा येईपर्यंत दोघांच्याही कमरेने तक्रार नोंदवली होती.

इमारत चार मजली, आकार नंगाऱ्याचा. तांड्यावर नंगारा वाजला की माणसं गोळा होतात. तो बाहेरून वाजवायचा एवढंच मला ठाऊक. त्याच्या पोटात शिरायचा योग पहिलाच. गंमत अशी, की एवढ्या अवाढव्य नंगाऱ्यात पाऊल टाकताच जो तो कुजबुजायला लागतो. आत १३ दालनं, चित्रांमधून उलगडणारा समाजाचा इतिहास. मीही हात मागे बांधून, मान तिरकी करून जाणकारासारखा उभा राहिलो. तेवढ्यात नंगाऱ्यावर टिपरी पडली.

‘‘बाप्पा, याह्यचे बैल कुठी बांधले रे?’’

दोघं-तिघं वळून हसले. मी आत्याला डोळ्यांनीच दटावलं. पण पुढच्या चित्रासमोर उभा राहिलो, तर मनात बैलच रवंथ करत बसलेला.

आत्याचं चुकलं कुठे? बंजाऱ्यांची लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवरचा व्यापार. धान्य आणि मीठ मुलखामुलखांत न्यायचं, सैन्याच्या छावण्यांना रसद पुरवायची. जिथे गाडीवाट नव्हती तिथेही बैल पोचायचा. मग आगगाडी आली आणि पाठीवरची गोणी तिने उचलली. त्यातच १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आला. फिरणं हाच संशय ठरला. तो डाग कागदावरून जायला १९५२ साल उजाडलं. तरी पुढे अकराच वर्षांनी याच समाजातले, शेजारच्या पुसदकडच्या गहुली गावचे वसंतराव नाईक राज्याचे मुख्यमंत्री झाले. ज्यांच्या पिढ्यांनी कुठे फार दिवस चूल मांडली नाही, त्यांना आता चार मजली पक्का पत्ता मिळालाय. आणि दीडदोन तासांच्या एसटीने मोडलेली माझी कंबर त्यांच्या महिनोन्‌महिन्यांच्या वाटचालीचं कौतुक करत होती!

बाहेर पडल्यावर आत्याने जगदंबेचं दर्शन घेतलं, बंजारा संत सेवालाल महाराजांच्या समाधीपुढे डोकं टेकलं. मग खरेदी. नारळ, प्रसाद, शेजारणींसाठी बांगड्या, नातवासाठी बाजा. दोन पिशव्या गच्च भरल्या. त्या तिने माझ्या दोन खांद्यांना अडकवल्या, वजन सारखं आहे का ते हाताने चाचपून पाहिलं आणि पाठीवर हलकीशी थाप मारली.

‘‘चाल बाप्पा.’’

आत्याला बैल सापडला होता. मी निमूट एसटीची वाट धरली.