चाकणच्या वाटेवरची शिट्टी

जुन्या मोटारगाडीच्या बॉनेटखालून येणारा बारीक, उंच पट्टीतला आवाज हा स्वतः रोग नसून रोगाचे लक्षण असतो; एखादा फिरता भाग घसरू लागला, त्यातले ग्रीस सुकले किंवा तो कशाला तरी घासू लागला की तो ओरडतो, आणि इंजिनाच्या तोंडाशी पट्ट्यांवर अनेक पुल्या एकाच वेळी फिरत असल्याने ओरडणारी नेमकी कोणती, हे नुसत्या कानाला उमगत नाही. हे निदान कोठेही अवघडच. पण पिंपरी-चिंचवडमध्ये ते विशेष अवघड होऊन बसते, कारण तेथे निदान करणारे फार आहेत.

१९५४ मध्ये ज्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पुढे ज्या परिसरात टेल्को, बजाज व एसकेएफ यांचे कारखाने आले, तेथे बहुतेक घरांत कोणी ना कोणी यंत्रापाशी उभे राहून निवृत्त झालेले असते. मात्र कारखान्यात माणूस गाडी बनवीत नाही, गाडीचा एक भाग बनवतो, व उरलेले आयुष्य प्रत्येक बिघाडाचा दोष त्याच भागाला देतो. निगडी प्राधिकरणातून चाकणला साखरपुड्यासाठी निघालेल्या एका वयोवृद्ध डिझेल इंडिकेत (हे वाहनही १९९८ पासून याच मातीतले) या सिद्धांताची पुरेपूर प्रचिती आली. भोसरी ओलांडेपर्यंत शिट्टी स्पष्ट झाली होती. बेअरिंगच्या कारखान्यातून निवृत्त झालेले मेहुणे म्हणाले, "दाजी, चाकाचं बेअरिंग गेलंय, लिहून घ्या." रबराच्या कंपनीत तीस वर्षे काढलेल्या शेजारच्या अण्णांनी पट्टा घसरतोय असा निकाल दिला. प्रेस शॉपमधून, म्हणजे पत्रा ठोकून त्याला आकार देणाऱ्या विभागातून, निवृत्त झालेल्या काकांनी बॉनेटचा पत्रा थरथरत असल्याचे सांगितले. आणि तिघांनीही आपापले मत शेवटपर्यंत सोडले नाही.

येथे एक शास्त्रीय अडचण नोंदवणे भाग आहे. वर्षानुवर्षे मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाची ऐकण्याची शक्ती प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे सेकंदाला चार हजार कंपनांच्या बारीक आवाजाच्या पट्ट्यात, कमी होते. त्यामुळे सर्वांत ठाम मत देणाऱ्या काकांना ती शिट्टी नीट ऐकू येत होती की नाही, हा प्रश्नच आहे, आणि तो त्यांना विचारण्याचे धैर्य गाडीत कोणालाच नव्हते. कान शाबूत असलेली एकच व्यक्ती मागच्या सीटवर अण्णांच्या मांडीवर बसली होती, पण सात वर्षांच्या नातीचे मत विचारात घेण्याची प्रथा या पट्ट्यात अद्याप रुळलेली नाही.

मोशी मागे पडून इंद्रायणीचा पूल ओलांडल्यावर कंपन्यांच्या बसगाड्या, कंटेनर आणि शिफ्टला उशीर झालेल्या दुचाक्या यांनी रस्ता भरून गेला आणि गाडी जागच्या जागी थांबली. चाकणच्या कोंडीची निंदा सर्व थरांतून होते, परंतु वाहनपरीक्षेची प्रयोगशाळा म्हणून तिचे मोल अद्याप कोणी ओळखलेले नाही. चाके स्थिर व इंजिन चालू, अशा अवस्थेत शिट्टी चालूच राहिली, तेव्हा चाकाचे बेअरिंग व ब्रेक हे दोन्ही आरोपी आपोआप सुटले. मेहुणे गप्प झाले. मग नात गाडी चालवणाऱ्या आजोबांना म्हणाली, "आबा, तुम्ही रेस देता ना, तेव्हा ते जास्त ओरडतं." इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर सूर चढतो, म्हणजे दोष इंजिनाने फिरवलेल्या एखाद्या पुलीत आहे, हे पाठ्यपुस्तकातील अनुमान तिने एका वाक्यात मांडले होते, त्यावर अण्णांनी तिला शेंगदाण्याची चिक्की दिली आणि पट्ट्याचे आपले मत पुन्हा सांगितले.

तळेगाव चौकाजवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने कोणाचेही ऐकून घेतले नाही. त्याने आधी चालू इंजिनाच्या पट्ट्यावर बाटलीतले थोडे पाणी शिंपडले. पट्ट्याचा आवाज असता तर तो क्षणभर थांबला असता किंवा उलट वाढला असता, पण शिट्टी तशीच राहिली. मग लांब पेचकसाचे टोक अल्टरनेटरच्या, म्हणजे बॅटरी भरणाऱ्या विद्युतजनित्राच्या, अंगावर टेकवून त्याने मूठ कानाच्या हाडाला लावली. डॉक्टर नळी लावतात तेच हे काम, फक्त रोग्याला खोल श्वास घ्यायला सांगत नाहीत. इंजिन बंद करून पट्टा काढल्यावर पुली हाताने फिरवली तेव्हा ती वाळूत फिरल्यासारखी खरखरली. बाहेर काढलेल्या बेअरिंगवर ६३०३ हा क्रमांक होता. त्यातील शेवटच्या ०३ चा अर्थ आतल्या भोकाचा व्यास १७ मिलिमीटर, हे मेहुण्यांनी कोणी न विचारता सांगितले आणि बेअरिंग गेल्याचे आपण भोसरीलाच म्हटले होते, याची आठवण दिली. ते चाकाचे नव्हे, याकडे कोणी लक्ष वेधले नाही.

दुरुस्तीला वेळ लागणार होता, म्हणून मंडळी रिक्षाने कार्यालयात पोहोचली, आणि संध्याकाळी गाडी शिट्टीविना परत निघाली. काकांना मात्र बॉनेट अजूनही थरथरते असे वाटत होते. वाचकांनी एवढेच ध्यानात ठेवावे की अशा आवाजावर पट्ट्याला तेल वा साबण लावू नये, आणि आवाजासोबत बॅटरीचा लाल दिवा लागला किंवा तापमानाचा काटा चढू लागला, तर साखरपुडा चुकला तरी चालेल, पण गाडी कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे.