भरतीने आखलेला हमरस्ता

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्यालगत गारी बेट आहे. जुनं नाव फ्रेझर आयलंड. बुचुल्ला या तिथल्या आदिवासींचं मूळ नाव २०२३ साली सरकारदरबारी परत आलं. जगातलं सर्वांत मोठं वाळूचं बेट. डांबराचा पत्ता नाही, पण पूर्वेची लांबलचक पुळण कायद्याने चक्क रस्ता आहे. वेगमर्यादा ताशी ८०, सीटबेल्ट सक्तीचा, वर पोलीसही असतात. याच वाळूवर छोटी विमानं उतरतात, त्यांना वाट द्यायची. आपल्याकडे रस्ता एका पावसाळ्यात वाहून जातो; इथे तो भरतीबरोबर रोजच पुसला जातो आणि कंत्राटदाराला कुणी शिव्या घालत नाही.

म्हणून इथे निघायची वेळ घड्याळावर नाही, भरतीच्या तक्त्यावर ठरते. भरतीच्या आगेमागे दोन-दोन तास गाडी पुळणीवर न्यायची नाही. ‘नाश्ता आटपून निघू’ म्हणणाऱ्या मराठी कुटुंबाची यात फार पंचाईत होते.

त्याहून अवघड काम हवा सोडण्याचं. पेट्रोल पंपावर ‘चांगली टाइट भर’ म्हणण्यात हयात गेलेल्या माणसाला पस्तीसवरचा काटा वीसच्या खाली आणायला सांगा! टायर फुसफुसायला लागला की त्याचाच जीव कासावीस होतो. पण हवा कमी झाली की टायर लांबट पसरतो, वजन जास्त वाळूवर वाटलं जातं आणि गाडी तरंगल्यासारखी जाते. थांबतानाही ब्रेक दाबायचा नाही, नुसता पाय उचलायचा. नाहीतर चाकापुढे वाळूचा बांध उभा राहतो. रुतल्यावर तर ॲक्सिलरेटर वर्ज्यच. चाक जागच्या जागी फिरतं, स्वतःचा खड्डा खणतं आणि गाडी पोटावर बसते.

कोकणात अशी गाडी बसली की अर्धं गाव जमतं. बैल येतात, ट्रॅक्टर येतो, त्याआधी सल्ले येतात. गारीवर फावडं तुमचं, घाम तुमचा. फार तर एखादा डिंगो, म्हणजे तिथला रानकुत्रा, लांबून बघतो, तोही डब्यावर डोळा ठेवून.

पुढे माहेनो हे जहाज दिसतं. १९३५ साली त्याला भंगारात काढून जपानला ओढत नेत होते, वादळात दोर तुटला आणि ते इथे येऊन रुतलं, ते कायमचंच. लोक त्याच्यापुढे फोटो काढत रेंगाळतात आणि मग भरतीच्या आठवणीने पळत सुटतात.

खारं पाणी गाडीला खालून खातं, त्यामुळे परतल्यावर धुलाई आलीच. अशी गाडी पुढे विकायला काढली की मालक छातीवर हात ठेवून सांगतो, ‘शहरातच फिरवलीय.’ जाणता गिऱ्हाईक काही बोलत नाही, वाकून पायाखालची मॅट उचलतो.