पहिल्यांदाच झडती म्हणणाऱ्यांसाठी

पोळ्याच्या तोरणाखाली उभं राहून झडती म्हणायची हौस हल्ली सणापुरती गावी आलेल्या पोरांनाही येते. त्यांच्यासाठी ही कृती. विदर्भाबाहेरच्यांसाठी खुलासा : आमच्याकडची झडती पोलीस घेत नाहीत, कास्तकार घेतो. सावकाराची, सरकारची, आणि दोन ओळींनंतर स्वतःची. शेवटी महादेवाचा गजर झाला की कुणी कुणावर रागवायचं नाही.

साहित्य : बैलजोडी एक. नसल्यास ट्रॅक्टर. ट्रॅक्टरला हार घालून आणणाऱ्याला हसू नये, त्याचाही हप्ता थकलेला असतो.

पोळा येतो श्रावण अमावस्येला. कापूस पात्या-बोंडांवर, सोयाबीन शेंगेत आणि खिसा रिकामा, अशी ही नेमकी वेळ. पंचांग करणाऱ्यानं कास्तकाराचं खातेपुस्तक पाहिलेलं दिसत नाही. तेव्हा बेगड, गोंडे, शिंगांचा रंग घ्यायला बाजारात जाताना कृषी केंद्राच्या गल्लीतून जाऊ नये. गेलात तर मोठ्यानं रामराम घालून चालत राहावं. झूल मागल्या वर्षीची धुऊन चालेल, वेसण मात्र नवी घ्यावी. पुरण कमी पडलं तर माणसांच्या ताटात कमी वाढावं. बैलाचा नैवेद्य आणि गड्याचा बोजारा (सणाची बक्षिसी), या दोन ठिकाणी काटकसर केली तर ती गावभर होते.

आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. जुवानं घट्टे पडलेल्या खांद्याला हळद-तूप चोळायचं आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. इथं विनोद करू नये. तो खांदा हातात असताना सुचतही नाही.

आता मजकूर. नवशिक्या हमखास 'बळीराजा', 'काळी आई' असं काहीतरी म्हणतो आणि लोक विडी पेटवतात. तोरणाखाली मोघम बोललेलं चालत नाही. ज्या वर्षी जे झालं ते नावानिशी आलं पाहिजे. 2017च्या हंगामात बीटी कपाशीतही गुलाबी बोंडअळी शिरली, तर अळी म्हणावं, 'निसर्गाची अवकृपा' म्हणू नये. नमुना म्हणून माझीच एक देतो :

वावर बापाचं, बियाणं उधारीचं,
बोंड अळीचं, आपलं काय? पीळ मिशीचा!

यावर लोक हसले, कारण मला मिशी नाही. टोला आधी वर मारावा, शेवटचा स्वतःला. विमा कंपनी, मंत्री, व्यापारी हवे तेवढे घ्या. बाजूच्या जोडीवाल्याची उधारी मात्र काढू नये. त्याच्याकडे तुमचीही यादी असते.

एक गोष्ट मात्र कुठल्याच झडतीत बसत नाही. 19 मार्च 1986 रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी बायको आणि मुलांसह जीव दिला. त्या तारखेला दरवर्षी महाराष्ट्रात कित्येक जण दिवसभर अन्न घेत नाहीत. मार्चात उपास धरणारा माणूसच श्रावणात पुरणपोळी खातो, आणि मला त्यात काही विसंगत वाटत नाही. पण तुमच्या गावात यंदा असं एखादं घर असेल, तर झडती म्हणण्याआधी तिथं जावं. त्यांची जोडी गोठ्यातच बांधलेली राहील, कारण कासरा धरणारा गेलेला असतो. आत जाऊन समजूत घालू नये. बैल धुवावे, शिंगं रंगवावी, आणि म्हातारीनं होकार दिला तर कासरा धरून जोडी तोरणापर्यंत न्यावी. त्या जोडीपाशी उभं राहून काय म्हणायचं ते तुम्हाला सुचेल. नाही सुचलं तर नुसता गजर करावा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जमल्यास नागपूरला जावं. 1881पासून काळी आणि 1885पासून पिवळी मारबत, म्हणजे मोठा पुतळा, तिथं निघते, आणि सोबत त्या-त्या वर्षीच्या संकटांचे बडगे, म्हणजे तसेच पुतळे. महागाई आणि भ्रष्टाचार यांची जागा बहुधा ठरलेली. सगळ्यांना शिव्याशाप देत, नाचवत नेऊन जाळतात. जाळल्यानं महागाई उतरल्याचं माझ्या ऐकिवात नाही. बांबू पुढल्या वर्षी पुन्हा आणतात.

कासरा धरणारा गेलेल्या अशा दोन जोड्या यंदा आमच्या गावात आहेत. एकीचा कासरा मी धरतोय, दुसरीला माणूस हवा आहे. झडती पाठ नसली तरी चालेल. पोळ्याच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत मी मारुतीच्या पारावर आहे.